काकांचं पहिलं ‘नको’

“युरोपात एकदाच विचारतात!” असं म्हणून ते हवेत बोट नाचवायचे आणि समोरचं मराठी जोडपं सावरून बसायचं. दुबईच्या बर दुबई भागातल्या आमच्या टूर कंपनीत, युरोपला निघालेल्या गिऱ्हाइकांना तिथल्या जेवणाखाण्याच्या रीती समजावून सांगणं हे त्यांचं काम. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

“माद्रिदला रात्री नऊच्या आत कोणी जेवत नाही. रोममध्ये जेवणानंतर दुधाची कॉफी मागू नका, वेटर हसेल. आणि कोणी वाढू का विचारलं तर सरळ हो म्हणा. आपल्यासारखं नको-नको केलंत की खलास, भांडं पुढे गेलं!”

आणि हे स्वतः? असा संकोची प्राणी तुम्हीही पाहिला असेल. चहा विचारला की “नको रे, आत्ताच झाला.” पुन्हा विचारलं की “कशाला उगीच?” तिसऱ्यांदा घ्यायचे आणि बशीत ओतून चवीने प्यायचे.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना आमच्या जर्मन मॅनेजरबाईंनी मीटिंग बोलावली. व्हिएन्नाच्या ग्रुपचा टूर लीडर अचानक नोकरी सोडून गेला होता. बाई काकांना इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही कधीच युरोप पाहिला नाही ना? या वेळी तुम्ही जाता का?”

मी उडालोच. अकरा वर्षं शेजारी बसलो आणि हा माणूस कधी गेलाच नव्हता! काकांचे कान आनंदाने लाल झाले. तोंडातून मात्र आलं, “नो नो मॅडम. सेंड समबडी यंग.”

“ओके,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “यू?”

त्या खोलीत दुसरं मराठी कोणी नव्हतं. ते ‘नको’ पहिलं होतं, हे फक्त मला कळत होतं. काका अजून बाईंकडेच बघत होते. मी म्हणालो, “येस.”

माझ्याच तोंडून ते ऐकून मी हादरलो. आजही आठवलं की लाज वाटते.

दुपारी डबा खाताना म्हणालो, “काका, मी बाईंना सांगतो. तुम्हीच जा.”

“छे छे, तू जा रे.”

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

माझा व्हिसा होईपर्यंत दीड महिना गेला. व्हिएन्नात पहिल्याच सकाळी त्यांचा फोन आला. “अरे, तिथे कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास देतात म्हणे. खरंच देतात का?”

ग्लास माझ्यासमोरच होता. “देतात, काका.”

“हां. म्हणजे मी लोकांना खोटं नव्हतो सांगत.”

मी दुबईला परतलो तोवर ते निवृत्त होऊन सांगलीला निघून गेले होते.