मधल्या खोलीतला आकडा

शिंपीणकाकूंना घर मातीमोल भावात मिळालं, कारण मधल्या खोलीतल्या आकड्याला आधीच्या मालकाने गळफास घेतला होता. गिऱ्हाइकं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. माप दारात, कापड दारात. दिवसभर उभं राहून काकूंच्या पायांचे खांब झाले.

"आकडा कापून टाकतो," नवरा म्हणायचा.

"आधी गळका नळ बघा. म्हणे आकडा कापतो!"

एका संध्याकाळी काकूंनी नवा पायघोळ झगा चुरगळू नये म्हणून त्याच आकड्याला टांगला. तेवढं उंच दुसरं होतंच काय घरात? ज्या पोरीचा झगा, तिची आई तो न्यायला आली. आत काहीतरी लोंबकळताना दिसलं आणि ती किंचाळून पायरीवरच बसली.

काकूंनी पाणी दिलं. "अहो, तुमच्या लेकीचाच झगा आहे तो."

"तिथे टांगतात का, बाई?"

"मग कुठे टांगू? मेला तो सुटला. माझं काम सुटलंय का?"

बाई काकूंच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिली. मग पदर खोचून आत आली, स्टुलावर चढली आणि झगा स्वतःच काढला.

"आत आलाच आहात, तर तुमचंही माप घेते," काकू खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पण बसूनच घेईन हं."