फोटोसाठी राखलेली खांड

आमच्या भागातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेल्या माणसाला सगळं गाव भाऊ म्हणतं. मी तोंडावर म्हणत नाही, कारण मी त्याला दुसरीत शिकवलं आहे. तेव्हा तो शेजारच्याच्या पाटीवरचं उत्तर उतरवून घ्यायचा आणि वर त्यालाच दम द्यायचा, "तू माझं बघितलंस." पुढे पोट सुटलं, पांढरी गाडी आली, गळ्यात साखळी आली. बाकी प्रगती शून्य.

नोकरी संपल्यावर मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले, तीही बिनविरोध. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. प्रभाग बायकांसाठी राखीव होता आणि अर्ज भरायला दुसरी कोणी तयार नव्हती. वाटलं, आयुष्यभर पोरांना शिस्त लावली, आता पोरांच्या बापांना लावू. पहिल्याच मासिक सभेत भाऊच्या वाढदिवसाचा फलक पिंपळाला बांधायचा की शाळेच्या भिंतीवर, यावर पाऊण तास चर्चा झाली. नळाच्या पाण्याचा विषय आला तेव्हा चहा आला. चहा पिऊन झाल्यावर सभा संपली. घरी येऊन मी इतिवृत्त वाचलं तर त्यात नळाचा विषय "सविस्तर चर्चेअंती" पुढे ढकलला होता.

गाव खाडीला लागून आहे. भरतीचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं आणि मध्ये असतो फक्त मातीचा बांध. त्याला भगदाड पडलं की आम्ही म्हणतो खांड गेली. पूर्वी खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर जायचा. दोन रांगा बांबूच्या, मध्ये पेंढा, वरून हातोहात दिलेले चिखलाचे गोळे. ज्या घरातून माणूस गेला नाही त्या घराला पुढचं वर्षभर टोमणे खावे लागत. आणि हे काम करायचं भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती लहान असते आणि पाणी जोर करत नाही. अमावास्या-पुनवेच्या उधाणात बांधाला हात लावायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या दुसरीतल्या त्या विद्यार्थ्यालाही असायला हवं होतं, कारण त्याचा आजा याच बांधावर राबला.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या उधाणात खांड गेली. फार मोठी नव्हती, एक माणूस आडवा झोपला तर भरेल एवढीच. पण तिच्या बरोब्बर मागे काकींचं शेत होतं. काकी म्हणजे आमच्या आळीतल्या एकट्या राहणाऱ्या बाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, तिकडेच दोन खोल्यांत बायकापोरांसह राहतो. तो कधीपासून आईला बोलावत होता. काकींचं उत्तर ठरलेलं, "माझा भात हाय, माझा तलाव हाय. मना कुनाच्या ताटातलं नको." शेत होतं म्हणून त्या स्वतःच्या घरात होत्या, इतकी ती साधी गोष्ट होती. खारं पाणी एकदा शेतात बसलं की तीन-चार वर्षं जमीन भात देत नाही. अमावास्येला पाणी शेताच्या कडेला येऊन थांबलं होतं. लोंब्या भरत आलेल्या भाताला अजून धक्का लागला नव्हता.

नवरात्र असल्यामुळे कामावरची पोरं सुट्टीला घरी आली होती. अष्टमीच्या सकाळी वीस-पंचवीस जण फावडी, घमेली, बांबू घेऊन बांधावर जमले. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आले. त्यांना बघून मला खरंच बरं वाटलं. तेवढ्यात फोन आला.

"बाई, काम थांबवा," भाऊ म्हणाला. "बांध पक्का मंजूर करून घेतलाय, दगडाचा. साहेब पुनवेला भूमिपूजनाला येतात. आता तुमी खांड बुजवली तर फोटोत काय दाखवू? इंजिनियर म्हनेल बांध धड हाय, पैसे दुसऱ्या गावाला द्या."

मी म्हटलं, "अरे, पुनवेला उधाण असतं."

"दसऱ्याला मुहूर्त होता, पन साहेबांना इतर कार्यक्रम हायेत. सात-आठ दिवसांत काय होतंय? आनि बाई, कोनशिलेवर तुमचं नाव टाकायला सांगितलंय. साहेबांच्या खाली, सरपंचांच्या वर."

इथे मला लाज वाटते ती लिहूनच टाकते. त्या शेवटच्या वाक्याने मी पाघळले. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं रोज संध्याकाळी पुसलं होतं. दगडावरचं नाव कोण पुसणार, असं काहीसं डोक्यात आलं. मी फोन ठेवला, पोरांना पक्क्या बांधाचं महत्त्व समजावून सांगितलं आणि घरी जायला सांगितलं. एक-दोघांनी कुरकुर केली. मी वर्गातला आवाज काढला. मग सगळे गेले.

पुनवेला बांधाजवळच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. लाल गालिचा, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, सत्काराच्या शाली. कार्यक्रम अकराचा. साहेब, म्हणजे भाऊच्या पक्षाचे मंत्री, मुंबईहून लाँचने रेवसला उतरणार होते. अकराचे साडेअकरा झाले, बारा झाले. भाऊ ध्वनिक्षेपकावरून स्वतःच्या कार्याचा आढावा घेत होता. त्याने केलेल्या कामांत एक स्मशानशेड होती आणि एक बसथांबा होता, जिथे बस थांबत नाही. पुनवेची भरती आमच्याकडे भर दुपारी चढते. म्हातारी माणसं आढावा ऐकत नव्हती, मान वळवून खाडीकडे बघत होती.

साहेब साडेबाराला आले. तोवर खांडीतून पाणी आत यायला लागलं होतं. आधी ते निवांत आलं, मग दोन्ही बाजूंची माती कापत आलं. भटजींनी पूजा आटोपती घेतली. साहेबांनी नारळ फोडला, कुदळ मारल्यासारखं केलं, छायाचित्रकाराने "साहेब, परत एकदा" म्हटल्यावर परत केलं. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा गालिचा ओला झाला होता. कोणीतरी ओरडलं आणि बांधाचा चांगला दहा-बारा हातांचा तुकडा आमच्या डोळ्यांदेखत बसला. पाणी लाल-तपकिरी होऊन सरळ काकींच्या शेतात शिरलं. लोंब्या थोडा वेळ वर दिसत होत्या. मग दिसेनाशा झाल्या.

पोरं चपला टाकून धावली, पण उधाणात कुणाचं काही चालत नाही. बांबू हातातून सुटून वाहून गेले. आणि त्या गोंधळात आमचा लोकप्रतिनिधी काय करत होता? साहेबांना हाताला धरून गाडीपर्यंत नेत होता. इकडची जुनी रीत अशी की आलेल्या साहेबाला तळ्यातला जिताडा मासा दिल्याशिवाय पाठवायचं नाही. काम लवकर व्हावं म्हणून काकींनी आदल्याच दिवशी आपल्या तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढून दिला होता. गाडीत बसता बसता साहेबांनी विचारलं, "मासा ठेवला ना मागे?" भाऊ म्हणाला, "ठेवलाय साहेब, बर्फात." बांध वाहून गेला तेव्हा या दोघांमध्ये झालेलं हे एवढंच बोलणं मी कानांनी ऐकलं. काकींचं तळं तेव्हा खाडीला मिळालं होतं.

त्यानंतर भाऊने "नैसर्गिक आपत्ती" असा शब्द शोधून काढला आणि गावभर वापरला. त्याचा फोटोही छापून आला, पाण्याकडे गंभीरपणे बघताना. पायात साहेबांच्या स्वागताचे नवे बूट होते. मी जिला भेटेन तिला सांगत सुटले, की या माणसाने गाव बुडवलं. बोलताना मला बरं वाटायचं.

दिवाळीच्या आधी पंचनाम्याचे कागद घेऊन मी काकींकडे गेले. दाराशी मुलाची गाडी उभी होती. ओटीवर दोन बोचकी, एक पत्र्याची पेटी, वर उखळातलं मुसळ. सून आतल्या खिडक्या लावत होती. काकी पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि नेहमीचं सुरू केलं, की काकी, त्या मेल्याने तुम्हाला घर सोडायला लावलं, त्याचं वाटोळं होईल.

काकींनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"त्याचं कशाला नाव घेता, बाई?" त्या म्हणाल्या. "त्याला आमी वलखून हाव. तो सवता बांधावर आला असता ना, तर एक पोर हललं नसतं. तुमी सांगितलं म्हनून गेली सगली."

मुलगा पेटी उचलायला आला, आईला म्हणाला, ऊन वाढतंय. मी हातातले कागद उगाच सारखे केले. काकींनीच ते ओढून घेतले आणि उलटे धरले, त्यांना वाचता येत नाही. मी ते सरळ करून दिले, शाईचं पॅड उघडलं.

"कुठं लावू ता सांगा, बाई."

मी बोट ठेवलं, तिथे त्यांनी अंगठा लावला.