जर्मनची ताटली

सत्तरच्या दशकात मला कावीळ झाली आणि सासूबाईंनी त्याच दिवशी माझं ताट वेगळं केलं. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, एक ताटली नि एक पेला, तेही गोठ्यात उपडे ठेवायचे. गळ्यात काविळीची माळ घातली, ती लांबत बेंबीपर्यंत आली म्हणजे कावीळ उतरली म्हणायचे, डोळ्यांचा पिवळेपणाही गेला. पण ताटली गोठ्यातच राहिली. "घरात पोरंबाळं हायती," सासूबाई म्हणायच्या.

नवरा पलटणीतून सुट्टीवर आला की चुलीपुढं पाटावर बसून मुकाट जेवायचा. मला वाटायचं, माझ्या दुःखानं त्याला घास गोड लागत नाही.

पुढं माझा अशक्तपणा हटेना म्हणून तो मला सांगलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "बाई, ही कावीळ ताटावाटीतून पसरत नाही. रक्तातून जाते, न उकळलेल्या सुईतून जाते, नवराबायकोच्या संबंधातून जाते. यजमानांचं रक्त तपासलंय कधी?"

"त्यास्नी काय झालंय?" मी म्हणाले.

नवरा खाली बघत पुटपुटला, "तपासलंय. तुझ्या काविळीच्या आदीच. पलटणीत रक्त द्यायला गेलतो, रक्तात हीच कावीळ हाय म्हून त्यांनी घेतलं न्हाई. कशी पसरती ते तवाच समदं सांगितलंतं."

घरी आल्यावर मी गोठ्यातली ताटली आणली, तिच्यात भाकरी वाढली आणि त्याच्या पाटापुढं ठेवली.

"माझ्या पोराला त्यात वाढतीस?" सासूबाई किंचाळल्या.

तो काहीच बोलला नाही. गप्प बसायची त्याला सवयच होती.