काश्यप गोत्राची मड्डम

रेवदंड्यात त्या काळी माझ्याइतकं खरं बोलणारा माणूस दुसरा नव्हता. हे मी स्वतःच सांगतोय, तेव्हा शंकेला जागाच नको. सकाळी शाळेत पोरं हाकायची आणि दुपारी मिशनच्या मडमबाईला मराठी शिकवायचं, असा माझा धंदा. बाई अमेरिकेची. खाडीच्या तोंडाशी तिचा दवाखाना होता. तिथल्या औषधाची एक बाटली कोळवाड्यातल्या मेलेल्या बोक्याला पाजली, तर तो उठून सुकत घातलेले बोंबील खाऊन गेला. हे मी पाहिलेलं नाही, पण ज्याने पाहिलं त्याला मीच सांगितलं होतं.

बाईचं मराठी नात्यांपाशी येऊन अडलं. चुलत, मामे, आते, मावस असा सगळा गोतावळा त्यांच्याकडे एकाच टोपलीत. मी म्हटलं, "बाई, तुमच्याच घरची माणसं घ्या, म्हणजे डोक्यात बसेल." तिने ट्रंकेतून एक भलंमोठं कापड काढून भिंतीवर टांगलं. त्यावर झाड काढलेलं आणि पानापानावर नावं. तिचं घराणं मुळात स्वीडन देशाचं. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी त्यांचा मूळ पुरुष बायकोपोरांसह जहाजात बसला आणि अमेरिकेत एका नदीच्या काठी उतरला. तिथे त्याने ओंडक्यांचं घर बांधलं. एक लेक डच माणसाला दिली, एक इंग्रजाला. आम्ही त्या झाडाच्या फांदीफांदीवर चढलो. "हा याचा कोण?" "साडू." "ही हिची?" "जाऊ, पण धाकटी." वर्षभरात मला माझ्या पणजोबापेक्षा तिचा खापरपणजोबा जास्त ठाऊक झाला.

आणि मी तो गावात नेला. संध्याकाळी बंदरावर जाळी विणणाऱ्या कोळ्यांमध्ये बसून मी त्या मूळ पुरुषाचं आख्यान लावायचो. बाईने सांगितलं होतं एक अस्वल. मी दोन घातली, कारण एकट्या अस्वलाला करमत नाही. होळीपर्यंत सात झाली.

"तिथला समुद्र गोठतो," मी म्हटलं, तर एक म्हातारा तांडेल सुई थांबवून म्हणाला, "गोठतो? मंग होडी काय गाढवावं घालून न्यायाची?"

"बैल जुंपतात," मी म्हटलं.

"व्हय व्हय, आन मासली बैलाला पाहून स्वताच टोपलीत बसत आसंल!"

आमचे भटजीही ऐकायला यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, या तुमच्या मूळ पुरुषाचं गोत्र काय?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "मग काश्यप. गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप, असं शास्त्रच आहे." मी तीन ताड उडालो. माझंही काश्यप! म्हणजे बाई आणि मी सगोत्र, म्हणजे भाऊबहीणच की! मला सख्खी बहीण नाही. दर भाऊबीजेला आमच्या घरात पाट भिंतीला टेकलेलाच राहायचा.

दुसऱ्या दिवशी बाईला हे सांगितलं. ती पोट धरून हसली. भाऊबीज म्हणजे काय ते तिने विचारून घेतलं. मी सांगितलं की भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. त्यावर ती म्हणाली, "चंद्र फार लांब आहे. माझा भाऊही लांब आहे. तुम्ही बसा पाटावर." कुंकवाला मिशनची परवानगी नव्हती, म्हणून तिने नुसता दिवा ओवाळला. मी ओवाळणीत चोळीचा खण घातला. तिने तो उलगडून उजेडात धरला. मग म्हणाली, "माझा भाऊ इथे येईल ना, त्याला मी सांगेन, हा तुझाही भाऊ."

ही गोष्ट चौलपासून कोर्लईपर्यंत माझ्याआधी कोणी पोचवली असेल तर तो वाराच.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या झाडाच्या आख्यानात एक म्हातारा होता, त्या नदीकाठचा, तिथलाच. पहिल्या हिवाळ्यात तिच्या मूळ पुरुषाची पोरं उपाशी मरायला टेकली, तेव्हा त्याने मका आणून दिला. मी विचारलं, "त्याचं नाव काय?"

"नाव कोणी लिहिलं नाही."

"झाडावर कुठे आहे तो?"

ती हसली. "तो आमच्यातला नव्हता ना!"

मीही हसलो. तिच्याहून मोठ्याने.

पुढे दोन दिवाळ्या गेल्या आणि तिला कायमची घरी न्यायला तिचा भाऊ आला. आगबोट बाहेर उभी राहिली, उतारू मचव्यातून किनाऱ्याला येऊ लागले. सारं गाव वाळूत. ढोलकं माझ्या सांगण्यावरून आलेलं. मी काळा कोट, धुतलेली टोपी आणि हातात शेंडीचा नारळ अशा थाटात पुढे, आणि माझी बायको ताम्हनात निरांजन घेऊन बाजूला. मचव्यातून उतरला तो उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. बाई धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. मग त्याने माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं.

बाईने माझ्याकडे पाहिलं, ढोलक्याकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या ताम्हनाकडे पाहिलं. आणि इंग्रजीत त्याला म्हणाली, "हा इथला माझा मुन्शी, मराठी शिकवायला ठेवलेला. भला माणूस आहे."

त्या किनाऱ्यावर इंग्रजी समजणारा मी एकटा. बायकोने कोपर मारलं. "अहो, सांगितलं का तिनं? काय म्हणाली?"

तांडेल म्हणाला, "बोला की मास्तर!"

मी घसा साफ केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं मराठीत म्हणालो, "म्हणते, हा माझा भाऊ. आणि म्हणून तुझाही."

ढोलकं कडाडलं. माझ्या बायकोने त्या खेकड्याला ओवाळलं.

बाईला मराठी येत होतं. मीच शिकवलं होतं. माझा शब्द न् शब्द तिला कळला. अजूनही वेळ गेली नव्हती. नुसती मान हलवली असती तरी माझं खोटं खरं झालं असतं. तिने वाळूकडे पाहिलं. भावाने माझ्या हातातला नारळ घेतला, कानाशी हलवून बघितला आणि याचं काय करायचं असं तिला विचारलं. मग दोघं दवाखान्याकडे गेली.

परतीच्या आगबोटीला मी गेलो नाही. शाळा होती म्हणून सांगितलं. रविवार होता.

गावात अजून मला मडमेचा भाऊ म्हणतात. तिने मुन्शी म्हटल्याचं मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. भाऊबीजेला बायको आपणहून पाट भिंतीला टेकवून ठेवते.

बंदरावर आख्यान मात्र चालूच आहे. लोक सोडत नाहीत. पण हल्ली मूळ पुरुष जरा आखडत चाललाय. जहाजातून उतरताना पाय घसरतो, कुऱ्हाड हरवतो, अस्वलाला पाहून बायकोच्या मागे लपतो. आणि तो मकावाला म्हातारा प्रत्येक खेपेला वीतभर उंच होतो. परवा तर त्याने एका हाताने कणसांची गोणी आणि दुसऱ्या हाताने जहाज ओढून काठाला आणलं.

"त्या म्हाताऱ्याचं नाव काय वो, मास्तर?" तांडेलाने विचारलं.

"ते कोणी लिहून ठेवलं नाही," मी म्हटलं, आणि अस्वलांकडे वळलो.