पडलेला उजवा खांदा

लष्करातून निवृत्त होऊन फलटणजवळ गावी आलो, तेव्हा उसाला पाणी देऊनही दिवस उरायचा. सांगलीला राहणाऱ्या एका जुन्या सुभेदारसाहेबांनी मला क्रिप्टोचा नाद लावला. फोनवरून ते चार्ट वाचायला शिकवायचे. भाव पडायच्या आधी कसा दिसतो, यावर त्यांचा भर.

त्यातला एक आकार मला काही केल्या ओळखू येईना. मधे उंच टोक म्हणजे डोकं, दोन्ही बाजूंची बुटकी टोकं म्हणजे खांदे, आणि त्यांच्या तळातून जाणारी रेघ म्हणजे गळा. भाव गळ्याखाली उतरला की विकून मोकळं व्हायचं.

बायको घरीच ब्लाऊज शिवते. एका दुपारी मी फोनवर चार्ट बघत होतो, तेव्हा ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"ह्यो उजवा खांदा पडलाय की."

"कुठला?"

"आवं, ह्यो. डाव्यापेक्षा खाली हाय. असला ब्लाऊज कोन घेईल व्हय?"

बघतो तर खरंच! मी घेऊन ठेवलेल्या कॉइनचाच चार्ट होता. पण गळा अजून शाबूत होता, म्हणून थांबलो आणि तो चार्ट तिच्याही फोनवर लावून दिला.

दुसऱ्या दिवशी मी रानात असताना तिचा फोन आला. "गळ्याखाली आलंय. इका."

"नक्की का?"

"मला त्यातलं काय कळत न्हाई. पन खाली आलं की इकायचं, ह्ये तुमीच चार येळा सांगितलंय."

बांधावर बसून विकलं. संध्याकाळी भाव पुन्हा वर चढला आणि मला जेवण गोड लागेना. सुभेदारसाहेब म्हणाले, "खाली जायच्या आधी परत येऊन रेघेला शिवून जातो कधीकधी. गप बस." तिसऱ्या दिवसापासून तो जो घसरला, तो घसरतच गेला.

आकार कुणी ओळखला ते मी त्यांना खरं सांगितलं. ते मोठ्यानं हसले. "मग वहिनींनाच शिकवतो आता!"

पुढच्या वेळी तिनं दाखवलेला खांदा फसला. आम्ही विकलं आणि भाव वर गेला.

"चुकलं गं," मी म्हणालो.

"चुकलं तर चुकलं. च्या घेता का?" म्हणत ती उठली.

नोकरीत असताना आमचं बोलणं म्हणजे रविवारचा फोन, तोही घाईचा. आता एका रेघेवरून आम्ही तासभर भांडतो. मला ते लय आवडतं.