सुरातला दात

कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती वाकवून बघे, मग कानाशी नेई आणि शेवटी आपल्या पुढच्या दातावर हळूच वाजवी. "बोलती का बघू," म्हणे. वस्तू म्हणजे कसलीही. सदऱ्याचं बटण, करवंटीचा तुकडा, चष्म्याची काडी, फुटलेल्या रेकॉर्डची कपची. एकदा आमच्या दुकानात एका पाहुण्यांनी सुपारीची डबी उघडून पुढं केली, तर यानं सुपारी राहू दिली आणि झाकण दाताला लावलं. "न्हाय, ही मुकी हाय," म्हणून परत दिलं. पाहुण्यांनी डबी धोतराला पुसली आणि त्या दिवशी सुपारी खाल्ली नाही.

शहापुरात आम्हा दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजणारा, तो विणकर. त्याच्या सोप्यात, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा खड्डामाग होता आणि मागावरच्या खुंटीला गिटार. कॅम्पातल्या बँडमधला एक गोवेकर वादक कायमचा गावी गेला, तो जाताना ती याला देऊन गेला, चार चालीही शिकवून गेला. आमच्या पेठेत तेव्हा गिटार कुणी बघितलेली नव्हती. बायका तिला 'कंबरवाला तंबोरा' म्हणत आणि पदराआड हसत.

गिटारीबरोबर कासवाच्या पाठीची एक नखीही आली होती. नखी म्हणजे तारा छेडायचा तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. ही तर झिजून आणखी लहान झालेली. एके दिवशी पायरीवर ठेवून तो पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात समोरच्या म्हातारीच्या कोंबडीनं ती गिळली. त्यानंतर कितीतरी दिवस हा त्या कोंबडीच्या मागं, ती जाईल तिकडं, जमिनीकडं बघत.

"माझ्या कोंबडीवर तुझा डोळा हाय व्हय रं?" म्हातारीनं एकदा दारातूनच विचारलं.

"कोंबडीवर न्हाय, आज्जी," तो म्हणाला. "तिच्या मागनं जे यील त्येच्यावर."

म्हातारीनं त्या दिवसापासून कोंबडी डालग्याखाली ठेवली. नखी काही परत मिळाली नाही, आणि त्याचा शोध तिथून सुरू झाला.

तो नुसत्या हौसेचा शोध नव्हता. गणपतीत पदं म्हणणाऱ्या आमच्या मेळ्यात हा गिटार वाजवी आणि मी मागं झांज धरून गाई. मेळा चालवणारे मास्तर कडक. एकदा तालमीनंतर त्यांनी याला बाजूला घेतलं. "तुझी गिटार दिसती, ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "ह्या गणपतीला मागच्या ओळीपातूर ऐकू आली तर ऱ्हाऊ दे. न्हायतर तुझ्या जागी दुसरा पेटीवाला."

 घराशी परत आल्यावर तो मला म्हणाला, "आप्पा, वर्सभर मी खड्ड्यात पाय सोडून बसतो. गणपतीत तेवढा वर, समद्यांच्या म्होरं उभा ऱ्हातो." मला त्याची फार कणव आली. पण गल्लीत कणव दाखवायची रीत नव्हती. मी म्हटलं, "मग बघ की एखादी चांगली नखी."

एवढं म्हणायला नको होतं, असं पुढं सगळ्या गल्लीला वाटलं.

करवंटीची नखी आवाजाला गोड, पण दुसऱ्या कडव्याला तुटे. रेकॉर्डची पहिल्याच कडव्याला. चपलेच्या तळाचं चामडं लावलं तर गिटार पांघरुणातून बोलल्यासारखी वाटे. निपाणीला बहिणीकडं गेला आणि विडीचं पान कापायचा तिचा पत्र्याचा साचा कोपऱ्यावर कातरून आला. पत्र्यानं आवाज खणखणीत निघाला, पण तार कापली गेली. तिकडं बहिणीच्या विड्या एका खांद्यानं पडक्या निघू लागल्या, तेव्हा तिनं नवऱ्यामार्फत निरोप धाडला की भावानं आता दिवाळीपर्यंत येऊ नये. नखी बोटातून निसटते म्हणून यानं एकदा अंगठ्याला सुताची खळ चोपडली. मग ती अशी चिकटली की नखीसकट जेवला. "आमटीत बुडवून बी बघितली," मला म्हणाला. "फरक पडत न्हाय."

या सगळ्याची परीक्षा दातावर. आणि एक दिवस सारीपाटाची कवडी जरा जोरात वाजवली, तर पुढचा तो एकुलता दातच हातात आला. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. यानं दात धुतला, उजेडात धरला, गिटार उतरवली आणि दातानंच तार छेडली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"बोलतोय," तो बोळक्यातून म्हणाला. "खरं धराय लई बारीक."

आता परीक्षेला दात कुठला? त्यानं गल्लीत चौकशी केली. बायकोनं पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही. मेळ्यातल्या तबलजीचे दात तंबाखूनं किटलेले, मास्तरांना विचारायची सोय नाही. शेवटी माझ्याकडं आला. "आप्पा, जरा आ करा." मी गमतीनं तोंड उघडलं. त्यानं माझे पुढचे दात एकेक करून वाजवले आणि वरच्या डाव्या दातापाशी थांबला. पुन्हा वाजवला. मग माझ्याकडं असं बघितलं की मला उगाच लाजल्यासारखं झालं.

"आप्पा, ह्यो दात सुरात हाय."

हसा खुशाल. माझ्या कुठल्याही अवयवाला जन्मात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी त्या दिवसापासून राखुंडीनं दोन्ही वेळा दात घासू लागलो, आणि सकाळी तो परसातल्या कुंपणाशी आला की तोंड धुऊन तयार असे. आमची ही म्हणे, "देवपूजेला कधी इतक्या येळेवर बसला न्हाईसा."

माझ्या दातानं म्हशीच्या शिंगाला कौल दिला. दणदणीत आवाज, तारेला इजा नाही, तुटायचं नाव नाही. त्यानं शिंग घासून घासून आरशासारखी नखी केली. गणपती बसले. पण भाद्रपदातली हवा ती. आमच्या गल्लीच्या मांडवात मेळा उभा राहिला आणि पहिलंच पद निम्म्यावर येईतो शिंग ओल खाऊन पापडासारखं मऊ पडलं. तार नुसती कुरवाळली जाऊ लागली. मागच्या ओळीतला एक जण कानाला हात लावून बसलेला मला दिसत होता. याच्या कपाळावर घाम आला.

मास्तर पुढं उभे राहून ताल देत होते. केसांची त्यांना फार हौस, कोटाच्या वरच्या खिशात सेल्युलॉइडचा कंगवा कायम. यानं हात लांब करून तो कंगवा उपसला आणि कडेचा तुकडा मोडला. निदान आता तरी न तपासता वाजवायचं ना. पण सवय. तो माझ्याकडं वळला. मी 'मोरया'चा आकार लांबवत होतो, तोंड पुरतं उघडं. त्यानं तुकडा माझ्या दातावर वाजवला.

टिंग.

तबलजीचा हात वरच राहिला. पेटी थांबली. मांडवात कुणी खोकलं नाही. आणि त्या शांततेत हा मोठ्यानं, अगदी समाधानानं म्हणाला, "बोलती."

"वन्समोर," मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं.

मग तो जे वाजवू लागला ते सगळा मांडव श्वास धरून ऐकत होता, कारण आता हा आणखी काय करतो हे कुणालाच चुकवायचं नव्हतं. गिटार शेवटच्या ओळीपर्यंत गेली. पद संपल्यावर मास्तरांनी उरलेला कंगवा खिशात घातला. "ऐकू आली," ते म्हणाले. मग हातानंच केस सारखे करत म्हणाले, "दात तेवढा परत नको."

पण ते त्यांच्या हातात राहिलं नाही. पुढच्या साली मेळा उभा राहिला की लोक आधी 'दात, दात' म्हणून मागणी करत. मी पुढच्या रांगेत आलो. तो माझ्या शेजारी, छाती काढून उभा, आणि पुढं कित्येक गणपती ती जागा त्याची ती त्याचीच राहिली.

मग एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. एवढा उद्योगी माणूस, पण जाताना काही खटाटोप केला नाही. दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको कुंपणाशी आली. हातात नख्यांची डबी होती.

"ह्या तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्यात, आप्पा. कुठली बोलती, कुठली न्हाय, आमास्नी काय कळतंय?"

मी ती घेतली. घरात बसून एकेक दाताला लावून बघितली. शिंग, करवंटी, कंगवा, सगळ्या मला सारख्याच वाटल्या. मला तरी काय कळत होतं? इतकी वर्षं मी नुसताच आ करून उभा होतो. फार एकटं वाटलं.

निपाणीच्या तंबाखूनं पुढं माझे बाकीचे दात एकेक करून नेले. वरचा डावा तेवढा राहिला आहे, तोही हलतो. परवा टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी तो चिमट्यानं हलवून बघितला. "आजोबा, हा एकटा कशाला ठेवलाय? काढून टाकू."

"नको," मी म्हटलं. "तो माझा नव्हे."