सीलबंद डेट्रॉइट

"श्वास धर!"

ते असं म्हणाले की खोलीतल्या प्रत्येकानं श्वास धरायचा. मग तो भाडेकरू असो, सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, की खुद्द त्यांची बायको, मामी, असोत. त्यांच्या चिमट्याच्या टोकाला पाण्यातून काढलेलं, नखाएवढं, पापुद्र्यासारखं एक चित्र लोंबत असायचं आणि ते वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या मोटारीच्या दारावर चिकटवायचं असायचं. सिलिंडरवाला तोवर जांभळा पडायचा. चित्र बसलं की ते सुस्कारा सोडत आणि आपल्याकडं असं बघत, की हा इथं अजून कशाला उभा आहे?

छंदी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी नाणी जमवतं, कुणी काडेपेट्या. आमचे घरमालक, सगळे त्यांना मामा म्हणत, अमेरिकन मोटारी जमवत. खऱ्या नव्हेत. सुट्या भागांच्या, खोक्यात येणाऱ्या, घरी सोल्यूशननं चिकटवून उभ्या करायच्या. पन्नाशी-साठीच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी सुट्टीत जोडाव्यात आणि शाळा सुरू होईपर्यंत फोडून टाकाव्यात, म्हणून ती खेळणी निघाली होती. जी फोडायची राहून गेली, ती चाळीस-पन्नास वर्षांनी समुद्र ओलांडून मद्रासच्या अण्णा नगरात येत आणि इथं त्यांची पूजा बांधली जाई.

मी मूळचा कराडचा. मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. ते तंजावरकडचे मराठी, एका जहाज कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. मी मराठी आहे याचं त्यांना काही कौतुक वाटलं नाही. "तुमचं मराठी बाजारातलं. आमचं राजवाड्यातलं," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "कामास कोठे?"

"कार प्लांटमध्ये."

"तेथे काय करतोस?"

"पेंट शॉपला आहे."

ते उठून उभे राहिले. "अगे, कापी आण!" ते आत बघून ओरडले. वरची खोली मला मिळाली.

आठवड्याभरानं त्यांना कळलं, की आमच्याकडं रंग रोबॉट मारतात आणि मी त्यांच्याकडं बघत बसतो. "म्हणजे तुज ब्रश धरता येत नाही?" मी नाही म्हणालो. त्यांनी भाडं वाढवलं नाही, पण कॉफी बंद केली.

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना ते 'डबे' म्हणत. त्यांच्या मते मोटारीचा इतिहास अमेरिकेत, डेट्रॉइटच्या कारखान्यांत, साठच्या दशकात संपला होता. पुढं जे झालं ते नुसतं पत्र्याचं काम. मागच्या बाजूला माशासारखे पंख नाहीत, पुढं क्रोमचे दात नाहीत, तिला मोटार का म्हणायचं? हा माणूस स्वतः कधीही गाडी चालवायला शिकला नव्हता. मामी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या स्कूटी चालवत आणि हे मागं, पोटाशी खोकं धरून, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसत. स्पीड ब्रेकर आला की मागून आवाज यायचा, "हळू, हळू! मोटार आहे!"

एकदा एग्मोरच्या एका हॉटेलच्या आवारात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मी त्यांना घेऊन गेलो. तिथं खरोखरच एक अमेरिकन गाडी होती. लांबलचक, गुलाबी, पंखांसकट. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मालकाला तमिळमध्ये सांगितलं, "एरियल चुकीच्या बाजूला आहे." मालक चांगला माणूस होता. हसून म्हणाला, "बसून बघता का, सर?" मामांनी नकारार्थी मान हलवली. परत येताना रिक्षात मला म्हणाले, "खऱ्यात बसण्यासारखे काय असते? आत बसले की बाहेरून दिसत नाही."

घरात तीन खोल्या. त्यातल्या एकीला ते 'गॅरेज' म्हणत. मोटारी तिथं. घरातला एकुलता एक एसी तिथं. मे महिन्यात मद्रासची हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडायची, तेव्हा मामी व्हरांड्यात ओला टॉवेल मानेवर टाकून पंख्याखाली बसत आणि शेजारच्या खोलीत प्लास्टिकच्या मोटारी गारव्याला असत. मामींना मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही आत झोपत? त्या म्हणाल्या, "मज चाके नाहीत रे."

जोडलेल्या मोटारी पंचवीस-तीस असतील. पण खरी दौलत कपाटात होती. न उघडलेली खोकी, मूळच्या प्लास्टिकच्या आवरणात. न्यू जर्सीचा भाचा सुट्टीत येताना आणायचा. विमानतळावर हे आधी बॅगेला भेटत आणि मग भाच्याला. इंटरनेटच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये तासन्‌तास बसून आणखी कुठल्या गावी कुणाच्या माळ्यावर काय पडलंय याचा शोध घेत.

"उघडत का नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "सील आहे तोवर ती डेट्रॉइटात आहे, रे. सील फोडले, की आली मद्रासला."

मग मामींची थोरली बहीण कुंभकोणमला न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. नवरा जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मामींनी सरळ सांगितलं, अक्काला इथं आणायचं, गॅरेजमध्ये झोपवायचं.

मी तेव्हा पाण्याच्या मोटरची तक्रार घेऊन खाली आलो होतो. जिन्यातच थांबलो.

"तेथे जागा कोठे आहे?" मामा म्हणाले.

"मोटारी हलवा."

"मोटारी हलत नाहीत."

मामींनी दारातून गॅरेजकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. आजवर एकही हलली नाही." आणि आत जाऊन बॅग भरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या कुंभकोणमला गेल्या. मामांना वाटलं, चार दिवसांत येतील. मला विचाराल तर मलाही तसंच वाटलं होतं.

मामी आल्या नाहीत. मामांनी मेस लावली. त्यांचा सदरा चुरगळलेला दिसू लागला. तरी ताठा तसाच. "शांती आहे," ते जिन्यात गाठून मला सांगत. "काम खूप पुढे गेले." काम काही पुढं गेलेलं नव्हतं. एका गाडीचं पुढचं क्रोम चिकटवायचं राहिलं होतं आणि ते पावसाळाभर राहिलेलंच होतं. त्याच काळात वीजही रोज ठरावीक वेळी जायला लागली. एसी बंद पडला की ते वर्तमानपत्राची घडी घेऊन कपाटाला वारा घालत बसत. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

एका रविवारी बंगळूरहून एक माणूस आला. त्याच नादाचा, पण तरुण, टापटीप. त्याला एक सीलबंद खोकं हवं होतं, बदल्यात दुसरं द्यायला आणलं होतं. मामांनी मला मुद्दाम खाली बोलावलं. आपली दौलत बघून कुणी चकित होणार असेल, तर तिथं साक्षीदार हवा.

त्यानं कपाटातलं ते खोकं कानाशी नेलं आणि हलवलं. नारळ हलवून बघतात तसं. पुन्हा हलवलं. मग हळूच टेबलावर ठेवलं.

"आवाज येत नाही, सर."

"भाग नीट बसवलेले आहेत," मामा म्हणाले.

"नाही सर. चिकटलेत. जुन्या टायरचं असंच होतं. ते मऊ रबर प्लास्टिकला लागून राहिलं की त्याला खातं. उघडलेली असतात त्यात आपण टायर वेगळे काढून ठेवतो. बंद खोक्यात ते वर्षानुवर्षं खात बसतात."

"येथे एसी आहे."

"एसीनं काय होणार, सर?" तो आदबीनं म्हणाला, चहा प्यायला आणि आपलं खोकं घेऊन गेला.

मामांनी ते खोकं स्वतःच्या कानाशी नेऊन हलवलं. मग ब्लेड मागितलं. मी दिलं. त्यांनी सील कापलं, झाकण काढलं आणि एक पांढरी बॉडी बाहेर काढली. तिच्या टपावर एक काळा टायर रुतून बसला होता. ओढल्यावर निघाला, पण खाली गोल खड्डा राहिला, तव्यावर करपलेल्या डोशाच्या कडेसारखा. प्लास्टिकच्या काचेतही तसाच.

त्यांनी दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. काही चांगली निघाली, बरीचशी खाल्लेली. मी "मामा, राहू द्या," म्हणत होतो. ते ऐकत नव्हते. संध्याकाळपर्यंत गॅरेजच्या फरशीवर झाकणांचा खच पडला. झाकणांवर चकचकीत रंगीत गाड्या अमेरिकेतल्या रस्त्यांवरून धावत होत्या आणि मधे हे मांडी घालून बसले होते.

"ह्या सगळ्या केव्हाच मद्रासला आल्या होत्या रे," ते म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. एवढी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखा त्यांच्यावर मनात हसत आलो होतो. हसू आलं नाही.

मग ते म्हणाले, "कुंभकोणमला फोन लाव."

मी नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. चूक झाली, ये, असलं काही बोलणं त्यांच्या जन्मात नव्हतं. घसा साफ करून एवढंच म्हणाले, "खोली मोकळी आहे."

पलीकडून मामींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "एसी चालू आहे का?"

भाड्याच्या व्हॅनमधून मामींबरोबर अक्का आली. काटकुळी, बिनदाताची, जिभेनं धारदार. गॅरेजमध्ये तिची खाट पडली आणि मामांचं टेबल व्हरांड्यात पंख्याखाली गेलं. तिथं त्या पापुद्र्याच्या चित्रांना वारा उडवून न्यायचा आणि मामा त्यांच्यामागं गुडघ्यांवर रांगायचे. अक्का आतून बघायची.

"ह्यात बसते कोण?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोणी नव्हे."

"मग रंग तरी बरे लावा. सारे फिके. सुतकातले."

आता पुढचं मी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. ज्या माणसानं खऱ्या गाडीचं एरियल चुकीचं ठरवलं होतं, तो त्या खाल्लेल्या गाड्यांचे खड्डे पुट्टी भरून घासू लागला आणि अक्का सांगेल तो रंग देऊ लागला. अक्काला कांजीवरम साड्यांपलीकडचे रंग ठाऊक नव्हते. एक मोरपंखी झाली, खालच्या कडेला लाल काठ. एक आंब्याच्या रंगाची. एकीच्या पंखांवर तिनं सोनेरी बुट्टे काढायला लावले. मामा माझ्यापाशी येऊन कळवळून सांगत, "डेट्रॉइटने हा रंग कधी काढला नाही रे! कधीच नाही!" आणि परत जाऊन बुट्टे काढत. तयार झालेली गाडी अक्का छातीवर ठेवून घेई आणि चाकं फिरवून बघे. मामा दाराशी उभे राहत. तिच्या हातून काढून घेत नसत.

माझी बदली पुण्याला झाली. निघताना ते खाली फाटकापर्यंत आले. आमच्याच कारखान्याची एक गाडी मी घेतली होती. तिच्याभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "डबा बरा आहे." त्यांच्या तोंडून मोटारीविषयी मी ऐकलेला हा सर्वात मोठा गौरव.

ते गेल्याचं मामींनी फोनवर सांगितलं. दुपारी जेवून व्हरांड्यात टेबलाशी बसले होते, मान खाली गेली, एवढंच. कामानिमित्त चेन्नईला आलो तेव्हा अण्णा नगरला गेलो. अक्का खाटेवर होती. "आलास?" म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

भिंतीवर मामांचा फोटो लावायचा होता, तो मिळेना, असं मामी सांगत होत्या. घरात फोटोंनी भरलेले आल्बम, पण प्रत्येकात मोटार. माणूस असलेला एक शोधून शोधून सापडला. पुढं मोरपंखी गाडी, काठासकट स्पष्ट, आणि मागं धुरकट, कॅमेऱ्याकडं न बघणारे मामा. स्टुडिओवाला म्हणाला, गाडी कापून फक्त सरांना मोठं करून देतो. मामी नको म्हणाल्या.

"गाडी काढली तर हे कोण, ते कोणास कळणार?"

तोच फोटो भिंतीवर होता. फुलवाली हार देऊन गेली, मामींनी तो फ्रेमवर चढवला. हाराखाली मामांचा धुरकट चेहरा झाकला गेला आणि गाडी तेवढी राहिली. मामी मागं सरून बघत उभ्या राहिल्या. मग पुढं झाल्या आणि दोन बोटांनी हार खाली ओढला. गाडी झाकली, मामा दिसले.